सह्याद्रीत वाहनांविना ग्रॅव्हल सायकलिंग करायचे तर रस्ता कसा निवडावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: तुम्ही पुण्यात राहता, बरीच वर्षे डांबरी रस्त्यावर सायकल चालवली आहे, मागच्या वर्षी महामार्गावर एका ट्रकने तुम्हाला घासून नेले आणि त्यानंतर तुम्ही ग्रॅव्हल बाईक, म्हणजे कच्च्या रस्त्यांवरही चालणारी रुंद टायरची सायकल, घेतली. आता पत्नीसह डिसेंबरात तीन दिवस सह्याद्रीत अशा ठिकाणी जायचे आहे, जिथे वाहने नसतील. त्यासाठी तुम्ही तयार जीपीएक्स, म्हणजे मोबाइलवर किंवा जीपीएसवर टाकायची मार्गाची फाइल, मागितली आहे आणि ४० मिलिमीटरचा टायर पुरेल का, असेही विचारले आहे.

टायरचे उत्तर सोपे आहे, ते शेवटी देतो. जीपीएक्स मात्र मी देणार नाही आणि त्याचे कारण सविस्तर सांगणे मला आवश्यक वाटते. मी सातारा, वाई आणि भोर या पट्ट्यात अनेक वर्षे मुरुमाच्या रस्त्यांवर सायकल चालवतो आणि हिवाळ्यात लहान गटांनाही घेऊन जातो. या अनुभवावरून सांगतो की या पट्ट्यात ‘वाहनमुक्त’ म्हणून बांधलेला रस्ता मला कुठेही आढळलेला नाही. इथला प्रत्येक रस्ता कोणाच्या तरी कामासाठी झालेला आहे आणि ते काम ज्या दिवशी, ज्या वेळी चालू असते तेव्हा त्या रस्त्यावर वाहन असतेच. त्यामुळे ‘वाहने नसलेला रस्ता कोणता?’ या प्रश्नाऐवजी ‘हा रस्ता कोणासाठी आहे आणि ती माणसे त्यावर कधी येतात?’ हा प्रश्न विचारावा लागतो. तो विचारायची सवय लागली की नकाशा वेगळाच दिसू लागतो.

भंडारदऱ्याचेच उदाहरण घ्या. शेंडीहून निघून पांजरे, घाटघर, साम्रद, रतनवाडी, मुतखेल असा जलाशयाला वळसा घालून परत शेंडीला येणारा रस्ता जानेवारीतल्या एखाद्या मंगळवारी इतका निवांत असतो की मैलोन्‌मैल फक्त गुरे आणि गुराखी भेटतात. हाच रस्ता पावसाळ्यातल्या रविवारी किंवा मे-जूनमध्ये काजवे पाहायला लोक लोटतात त्या रात्री गाड्यांनी तुंबलेला असतो. जीपीएक्स फाइल दोन्ही दिवशी तीच राहते. म्हणून तिच्यावर विसंबून तीन दिवसांची सुटी ठरवणे मला धोक्याचे वाटते, विशेषतः वाहनांच्या धास्तीनेच इकडे वळणाऱ्या माणसासाठी.

आता रस्त्यांचे प्रकार पाहू. माझ्या अनुभवात सर्वांत शांत रस्ते म्हणजे पुढे कुठेही न जाणारे रस्ते. दोन गावे किंवा दोन तालुके जोडणारा रस्ता कितीही आडवाटेचा असला तरी कोणीतरी त्याचा जवळचा मार्ग म्हणून उपयोग करतो, आणि आता मोबाइलवरचे नकाशे परक्या गाड्यांनाही तो दाखवतात. पण डोंगराला जाऊन थांबणाऱ्या खोऱ्यात शिरणारा प्रत्येक वाहनचालक त्या खोऱ्यातलाच असतो किंवा त्या खोऱ्यात काम असलेला असतो. धरणामुळे जुनी वाट पाण्याखाली गेली आणि काठाने लांबचा वळसा घालून नवा रस्ता काढावा लागला, अशा ठिकाणी तर ही शांतता आणखी वाढते, कारण वस्ती विरळ झालेली असते आणि अंतर लांबलेले असते. वाईच्या पश्चिमेला धोम आणि त्याच्या वर बलकवडी अशी दोन धरणे कृष्णेवर आहेत. बलकवडीच्या जलाशयाच्या कडेने जोर गावाकडे जाणारा रस्ता आणि शेजारच्या वाळकी नदीच्या खोऱ्यात जांभळीकडे जाणारा रस्ता, हे दोन्ही याच प्रकारात मोडतात.

दुसरा प्रकार कालव्याच्या सेवारस्त्यांचा. पाणी उताराने वाहावे म्हणून कालवा डोंगराच्या पायथ्याने जवळपास समपातळीत नेलेला असतो आणि त्याच्या भरावावर देखभालीसाठी मुरुमाचा रस्ता असतो. चढ नाही, सावलीला झाडे आहेत, एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला शेती, असे हे रस्ते नवशिक्यासाठी उत्तम आहेत. मात्र दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. हे रस्ते जलसंपदा विभागाचे आहेत आणि त्यांवरून जाण्याचा हक्क आपल्याला आपोआप मिळत नाही. साखळी किंवा फाटक दिसले तर थांबून पाटकऱ्याला, म्हणजे कालव्यावरच्या कर्मचाऱ्याला, विचारावे. नम्रपणे विचारल्यावर मला बहुधा होकारच मिळाला आहे, पण नकार आला तर परत फिरावे. दुसरी गोष्ट आवर्तनाची, म्हणजे कालव्याला ठरावीक काळाने पाणी सोडण्याची. कालव्याला पाणी सोडलेले असते तेव्हा काठ ओला होतो, गळतीच्या जागी मुरूम भुसभुशीत होतो आणि अस्तरीकरण केलेल्या कालव्यात पडलेल्या माणसाला गुळगुळीत काँक्रीटवरून वर येणे अतिशय कठीण जाते. म्हणून कालव्याकडच्या चाकोरीतून कधीही जाऊ नये, शेताकडची चाकोरी धरावी आणि दोघांनी शेजारी-शेजारी सायकल चालवू नये.

तिसरा प्रकार पठारावरच्या पवनचक्क्यांच्या रस्त्यांचा. साताऱ्याच्या दक्षिणेला चाळकेवाडी आणि वनकुसवडे या पठारांवर पवनचक्क्यांची अवजड पाती नेण्यासाठी रुंद आणि सौम्य वळणांचे रस्ते केलेले आहेत, आणि उभारणीचे काम संपल्यावर त्यांवर देखभालीच्या मोजक्या गाड्या उरल्या आहेत. ग्रॅव्हल बाईकसाठी अशी जमीन क्वचित मिळते. पण वारा इतका असतो की अनुभव नसलेल्याला सपाट रस्त्यावरही चढ चढल्यासारखे श्रम होतात, शिवाय या पठारांचा काही भाग कोयना अभयारण्याला आणि सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाला लागून आहे. तिथे वन विभागाला विचारल्याशिवाय मुख्य रस्ता सोडू नये. जंगलातला रस्ता मोकळा दिसतो म्हणून आत शिरायचे, हा प्रकार मी माझ्यासोबतच्या कोणालाही करू देत नाही.

आता ज्या गोष्टीवर बहुतेक जण विचारच करत नाहीत तिच्याकडे वळतो, ती म्हणजे ऊस. सायकलीसाठी आपल्याकडचा सर्वांत चांगला काळ ऑक्टोबरअखेर ते फेब्रुवारी हा आहे आणि ऊसतोडणीचा हंगामही नेमका तेव्हाच चालतो. वाई, भुईंज, सातारा या बागायती पट्ट्यात एरवी सुनसान असणाऱ्या पाणंद रस्त्यावरही या दिवसांत दोन-दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर समोर येतो. तो आपल्याला पाहून थांबू शकत नाही, बाजूला घेऊ शकत नाही आणि रात्री त्याच्या मागे दिवा असेलच याची खात्री नसते. यावर माझा तोडगा भूगोलाचा आहे. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तिथून सरळ रेषेत तीस किलोमीटरही नसलेल्या वाईत साधारणपणे हजार मिलिमीटरही पडत नाही. या एवढ्या अंतरात पीक बदलते. पूर्वेकडून पश्चिमेकडे जाताना ऊस संपतो आणि भात, नाचणी, वरी सुरू होते. भाताची कापणी आणि झोडणी नोव्हेंबरात उरकली की त्या खोऱ्यांमध्ये मोठ्या वाहनाने नेण्यासारखे फारसे काही उरत नाही. म्हणून डिसेंबरात वाहने टाळायची असतील तर उसाच्या पट्ट्यातून भाताच्या पट्ट्यात जावे, हा नियम मला नकाशावरच्या कोणत्याही खुणेपेक्षा अधिक उपयोगी पडला आहे.

भाताच्या पट्ट्यातही ठरलेली वाहने असतात, परंतु त्यांची वेळ पक्की असते. मुक्कामी एसटी पहाटे सुटते, दूध गोळा करणारा टेंपो सकाळी आणि संध्याकाळी फेरी मारतो, शाळेच्या वेळेला जीप आणि दुचाक्या दिसतात. साडेदहा ते चार या वेळात रस्ता जवळजवळ आपलाच असतो आणि डिसेंबरात हे ऊनही सोसण्यासारखे असते. मार्चनंतर मी हा सल्ला देणार नाही, कारण तेव्हा ऊन कडक होते, झरे आटतात आणि गवताला वणवे लागतात.

ज्यांची वेळ सांगता येत नाही अशी दोन वाहने उरतात. एक म्हणजे शनिवार-रविवारच्या पर्यटकांच्या गाड्या, ज्यांना टाळायचा उपाय सोमवार ते गुरुवार हाच आहे. दुसरे म्हणजे डंपर, आणि याबाबत तुम्हाला डोळ्यांनी ओळखता येईल अशी खूण सांगतो. मुरुमाचा रस्ता अचानक गरजेपेक्षा रुंद झाला, त्यात खोल आणि घट्ट दाबलेल्या दोन चाकोऱ्या दिसू लागल्या आणि कडेच्या घाणेरीच्या आणि करवंदीच्या पानांवर पिठासारखी पांढरी धूळ बसलेली दिसली, तर पुढे खडी क्रशर किंवा खाण आहे असे समजावे. मातीची धूळ तांबूस असते, दगड फोडल्याची धूळ पांढरट-करडी असते. अशा रस्त्यावर डंपर भरधाव येतात, कारण त्यांच्या चालकांना तिथे दुसरे कोणी असण्याची अपेक्षाच नसते. ही खूण दिसताच तिथूनच मागे वळावे. पाहू थोडे पुढे जाऊन, असे म्हणू नये.

रस्त्याच्या पृष्ठभागाविषयीही अपेक्षा आधीच ठीक करून घ्यायला हवी. परदेशातली छायाचित्रे पाहून आपल्याला वाटते की ग्रॅव्हल म्हणजे दिवसभर अखंड, एकसारखा खडीचा रस्ता. आपल्याकडे मुरुमाचा रस्ता तुकड्यातुकड्यांनी मिळतो, आणि त्या तुकड्यांच्या मध्ये उखडलेले डांबर, वाडीतले काँक्रीट आणि मधूनच ओढ्यावरची फरशी येते. ग्रॅव्हल बाईकचा खरा उपयोग मला या मिश्र रस्त्यावरच जाणवतो. यात सर्वांत चांगला असतो जुना, एक-दोन पावसाळे खाऊन बसलेला मुरूम. सर्वांत वाईट असतो नुकतेच खडीकरण झालेला आणि डांबराची वाट पाहणारा रस्ता. त्यावरचा मुरूम धुऊन गेला की खाली मुठीएवढे धारदार दगड सुटे पडलेले असतात, त्यांवर पुढचे चाक कुठे वळेल याचा भरवसा राहत नाही आणि टायरची बाजू कापली जाते. अशा रस्त्याच्या तोंडाशी बहुधा कामाचा फलक असतो. त्यावर ‘खडीकरण व डांबरीकरण’ असे लिहिलेले दिसले तर काम कुठवर आले आहे हे जवळच्या टपरीवर विचारून मगच पुढे जावे.

विचारण्याचीही एक पद्धत आहे. ‘रस्ता चांगला आहे का?’ असे विचारले तर गावातला माणूस तुमचे मन राखण्यासाठी ‘जाईल की सायकल’ असे सांगतो, किंवा तुमची महागडी सायकल पाहून ‘नका जाऊ’ म्हणतो. त्याऐवजी वाहनांची नावे घेऊन विचारावे. एसटी जात असेल तर रस्ता डांबरी आहे आणि थोडीफार वर्दळ आहे. एसटी जात नाही पण दुधाचा टेंपो जातो, असे उत्तर आले तर तो आपला रस्ता: पृष्ठभाग सायकलीजोगा आहे आणि वाहने मोजकी आहेत. टेंपोही जात नाही, फक्त ट्रॅक्टर जातो, तर काही ठिकाणी उतरावे लागेल. फक्त बैलगाडी किंवा गुरे जात असतील तर सायकल ढकलण्याची तयारी ठेवावी. हे प्रश्न आदल्या संध्याकाळी मुक्कामाच्या गावात विचारले की सकाळचा निर्णय सोपा होतो.

घरी बसून करायची तयारीही याच विचाराने करावी. उपग्रहचित्रात रस्ता फिकट तांबूस दिसतो की काळपट, तो वस्तीशी संपतो की पुढे जातो, त्याच्या टोकाला खाणीचा पांढरा चट्टा आहे का, हे पाहावे. महसूल विभागाच्या गाव नकाशावर दोन समांतर तुटक रेषा गाडीमार्ग दाखवतात आणि एक तुटक रेषा पायमार्ग दाखवते. जुन्या वाटा शोधण्यासाठी या खुणा फार मोलाच्या आहेत. मात्र नकाशावर वाट आहे म्हणून ती आज मोकळी असेल असे नाही. कोणी बांध घातला असेल, पीक उभे असेल, तर ती शेतकऱ्याची जमीन समजून वळसा घालावा.

आतापर्यंत सांगितले त्याचा मथितार्थ तुमच्या बाबतीत असा होतो की पुढे न जाणारी खोरी निवडावीत, उसाच्या पट्ट्याच्या पश्चिमेला राहावे, आठवड्याचे मधले दिवस घ्यावेत आणि दिवसाच्या मधल्या वेळेत सायकल चालवावी. या चारही अटी पाळून तीन दिवस घालवायचे तर मी वाईला एकाच ठिकाणी मुक्काम करून रोज वेगळ्या दिशेला जाऊन परत येणे सुचवेन. सामान वाहावे लागत नाही, आणि दोघांपैकी एकजण थकला तर त्या दिवसाचा बेत लहान करता येतो. पुण्याहून वाईपर्यंत सायकली गाडीवर बांधून आणाव्यात. महामार्ग आणि खंबाटकी हा भाग सायकलने करण्यात तुमचा मूळ उद्देशच हरवेल.

पहिल्या दिवशी धोमच्या परिसरातला कालव्याकडचा सपाट भाग परवानगी विचारून करावा. तो थोडाच असू द्या, कारण त्याचा हेतू सायकल आणि टायरमधली हवा जुळवून घेणे एवढाच आहे, आणि कालवा खाली जाऊ लागला की उसाचे ट्रॅक्टर भेटतात. दुसरा दिवस जोर खोऱ्यासाठी पूर्ण ठेवावा. डावीकडे महाबळेश्वर-पाचगणीची उभी भिंत आणि उजवीकडे कमळगडाची रांग घेऊन वर जाताना मुख्य रस्ता बराचसा डांबरी आहे, परंतु वाड्यांकडे आणि पाण्याच्या काठाकडे फुटणारे मुरुमाचे फाटे आहेत आणि खरा आनंद त्या फाट्यांवर आहे. तिसरा दिवस जांभळीच्या बाजूला, वासोळ्याच्या आसपास. तिथे चढ-उतार अधिक असल्याने त्याला शेवटी ठेवले आहे.

वाईहून पसरणी घाटाने पाचगणीला जाण्याचा मोह मात्र आवरावा. घाट सुंदर आहे, पण पुण्याकडून महाबळेश्वरला जाणारी बहुतेक वाहतूक त्यावरून जाते. मांढरदेवीच्या घाटाबद्दलही तुम्ही ऐकले असेल. पौषातल्या यात्रेच्या दिवसांत तो पूर्णपणे टाळावा आणि एरवीही मंगळवार-शुक्रवार हे देवीचे वार सोडून जावे.

आता सायकलीविषयी. ४० मिलिमीटरचा टायर पुरेल. ४५ बसत असेल तर सुट्या खडीवर तो अधिक विश्वासाचा वाटेल. तो ट्यूबलेस (आत ट्यूब नसलेला) असावा, कारण पूर्वेकडच्या कोरड्या भागात बाभळीचे काटे ट्यूब टिकू देत नाहीत, आणि आपल्या उन्हात आतले सीलंट (छिद्रे आपोआप बुजवणारा द्रव) काही महिन्यांत सुकते, म्हणून निघण्याआधी ते नव्याने भरावे. सत्तर किलोच्या माणसाला ४० च्या टायरमध्ये मी मागे ३५ आणि पुढे ३० पीएसआयच्या (हवेच्या दाबाचे माप) आसपास हवा ठेवायला सांगतो आणि पहिल्या तासानंतर पुन्हा तपासायला लावतो. डांबरी रस्त्याच्या सवयीने बहुतेक जण हवा जास्त भरतात आणि मग मुरुमावर मनगटे दुखतात, चाक घसरते.

टायरपेक्षाही मला काळजी गिअरची आहे. आपले जुने घाटरस्ते सौम्य आहेत, पण वाड्यांना जोडणारे नवे रस्ते सरळ अंगावर येतात. बारा टक्क्यांचा चढ काही विशेष मानला जात नाही. सुट्या मुरुमावर उभे राहून पायडल मारले की मागचे चाक जागीच फिरते, म्हणून चढ बसूनच चढावा लागतो. त्यासाठी सर्वांत हलक्या गिअरमध्ये पायडलजवळच्या पुढच्या चक्राचे दाते मागच्या चक्राच्या दात्यांपेक्षा जास्त नसावेत. पुढे ४० आणि मागे ३४ असेल तर मागची कॅसेट (मागच्या चाकावरचा दातेरी चक्रांचा संच) बदलता येईल का, हे निघण्याआधी दुरुस्तीवाल्याला दाखवा.

दिवसाचे नियोजन किलोमीटरमध्ये न करता तासांत करावे. थांबे धरून ताशी दहा-बारा किलोमीटर एवढाच वेग गृहीत धरला तर अंधार पडण्याआधी परत येता येते. प्रत्येकी दोन लिटर पाणी घ्यावे, जेवण वाईहून बांधून न्यावे किंवा खोऱ्यातल्या कोणाला आदल्या दिवशी सांगून ठेवावे, कारण ऐनवेळी तिथे चहा-बिस्किटांपलीकडे काही मिळेलच असे नाही. मोबाइलला बऱ्याच ठिकाणी रेंज नसते. कोणत्या गावाकडे जात आहोत हे मुक्कामाच्या ठिकाणी सांगून निघावे. धनगरांची कुत्री अंगावर आली तर पळ काढू नये, सायकलवरून उतरून ती मध्ये धरावी आणि सावकाश चालत पुढे जावे. दात लागलाच तर जखम साबणाच्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी लस घ्यावी.

तुमच्या आणि वहिनींच्या सायकलींचे पुढचे-मागचे दाते कळवा, आणि वहिनींनी यापूर्वी डांबर सोडून कुठे सायकल चालवली आहे का, तेही लिहा. नसेल चालवली, तर जोर आणि जांभळी यांपैकी एकच खोरे ठेवून दोन दिवस कालव्याला आणि धोमच्या काठाला देणे अधिक योग्य ठरेल, आणि तसा बेत मी तुम्हाला गावांच्या क्रमाने लिहून देईन.